हवेतला सव्वा तास

१

औषधाची ती बाटली अंगठ्याएवढी होती, आणि सकाळी सात वाजता डॉक्टरीणबाईंनी ती बाद ठरवली.

बाटलीत एकाच मुलीसाठी बनवलेला एकच डोस होता. मुलगी सहा वर्षांची, हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर कोपऱ्यातल्या खोलीत. औषध बनलं ते समुद्रापलीकडच्या शहरात, इथून चार हजार किलोमीटर पूर्वेला. ते दोन ते आठ अंशांत राहिलं तर औषध, नाहीतर नुसतं पाणी. म्हणून ते विमानाच्या पोटात इतर सामानाबरोबर टाकत नाहीत. कुणीतरी थंड पेटीत घालून, स्वतःच्या पायाशी ठेवून घेऊन येतं. अशी नेआण करणारी एक छोटी कंपनी होती, आणि त्या कंपनीत सत्तावीस वर्षांची एक मुलगी होती. तिला सगळे भिंगरी म्हणत. पाय घरात ठरत नाही म्हणून आत्याने लहानपणी ठेवलेलं नाव, ते ऑफिसातही जाऊन चिकटलं.

आता या पेटीची एक गंमत सांगितली पाहिजे. बाटलीला चिकटवलेला एक लॉगर असतो, बोटाएवढा. बटण दाबलं की तो शून्यापासून मोजायला लागतो आणि दर पाच मिनिटांनी दोन गोष्टी टिपतो, पेटीतलं तापमान आणि हवेचा दाब. तारीख टिपत नाही, घड्याळ दाखवत नाही. दोन शहरांची दोन घड्याळं, त्यात गोंधळ नको म्हणून मुद्दामच तसा बनवलेला. सकाळी तो कॉम्प्युटरला लावला तेव्हा चार अंशांवर सरळ चाललेली तापमानाची रेघ मध्येच वर चढलेली दिसली. अठरा अंश, चाळीस मिनिटं. आणि त्या वेळी दाबाची रेघ तळाला होती. म्हणजे विमान आकाशात होतं.

आणि आकाशात पेटी भिंगरीच्या पायाशी होती.

"विमान साडेचार तासांचं," कंपनीचे मॅनेजर म्हणाले. दुसऱ्या मजल्यावरच्या मीटिंगच्या खोलीत त्यांनी टेबलावर आपला प्लास्टिक चढवलेला तक्ता पसरला होता. या माणसाकडे प्रत्येक गोष्टीचं कोष्टक असायचं, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना कोष्टकसाहेब म्हणत. "अंतर चार हजार किलोमीटर, उड्डाण साडेचार तास. आणि ग्राफमध्ये दाब खाली किती वेळ आहे? चार तास पंचवीस मिनिटं. बघा डॉक्टर, कसं जुळतंय. विमान उडाल्यावर दोन तासांनी हिने झाकण उघडलंय."

"मी हात लावला नाही साहेब. पेटीला सील होतं."

"सील न तोडता झाकण बोटभर उचलता येतं. मला शिकवू नकोस."

डॉक्टरीणबाईंनी डोळे चोळले. त्या पहाटेपासून उभ्या होत्या. "हे बघा, मला भांडण नको. औषध बनवणाऱ्या प्रयोगशाळेकडे एक राखीव डोस आहे. उद्या संध्याकाळपर्यंत टिकेल, त्यानंतर नाही. नवीन बनवायला दोन महिने लागतात, आणि त्या मुलीकडे दोन महिने नाहीत. प्रयोगशाळेचं म्हणणं एवढंच आहे की पहिला डोस कुणाच्या हातात बिघडला ते दुपारी दोनपर्यंत लिहून कळवा. तो हात बाजूला झाल्याशिवाय ते दुसरा डोस सोडणार नाहीत."

कोष्टकसाहेबांनी एक टाईप केलेला कागद भिंगरीसमोर सरकवला. खाली तिचं नाव, वर चार ओळी. माझ्या निष्काळजीपणामुळे वगैरे.

"सही कर. पाचच्या विमानाने मी दुसरा माणूस पाठवतो, उद्या दुपारी मुलीला डोस मिळेल," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुझी नोकरी जाईल. पण मुलगी वाचेल ना."

दहा वाजायला आले होते. भिंगरीने पेन उचललं.

२

"खाली ठेव ते पेन."

दारात आत्या उभी होती. एका हातात काठी, दुसऱ्या हातात चौकटीची वही, कानावर पेन्सिलीचं थोटूक. भिंगरीने तिला सकाळी साडेसातला फोन केला होता आणि म्हातारी दुखऱ्या गुडघ्याने दोन मजले चढून आली होती, कारण लिफ्टला रांग होती आणि रांग आत्याला खपत नाही.

आत्याने एका विमान कंपनीत तीस वर्षं मार्ग आखण्याच्या खोलीत काढली होती. कुठलं विमान कुठून न्यायचं, वारा कसा आहे, इंधन किती भरायचं, हे ती खोली ठरवते. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी आकाशात आवाज आला की ती घड्याळ बघते आणि म्हणते, "सात मिनिटं उशीर."

"आपण कोण?" कोष्टकसाहेबांनी विचारलं.

"हिच्या बापाची थोरली बहीण. डॉक्टर, एकच विचारते. हिने सही केली आणि दोष हिचा नसलाच, तर काय होईल?"

डॉक्टरीणबाईंनी टेबलावरच्या कागदाकडे पाहिलं.

"जिथे पहिला डोस बिघडला तिथेच दुसराही जाईल," आत्या म्हणाली. "आणि तिसरा नाहीये. मला दोनपर्यंत वेळ द्या. तेवढा तर तुमच्याकडे आहेच."

डॉक्टरीणबाईंनी हो म्हटलं. कोष्टकसाहेबांनी तोंड वाकडं केलं, पण डॉक्टरपुढे त्यांचं काही चाललं नाही.

आत्याने भिंगरीला जिन्याच्या वळणावर नेलं आणि स्वतः पायरीवर टेकली.

"आता खरं सांग. मी तुझी आत्या आहे, पोलीस नाही. पेटी उघडलीस का?"

भिंगरीने जिन्याखाली बघितलं, वर बघितलं. सकाळपासून ती जे सांगायचं टाळत होती ते हेच होतं.

"हो," ती म्हणाली.

३

"पण येताना नाही गं आत्या. जाताना."

आत्याने पेन्सिल कानावरून काढली. "नीट सांग."

तर झालं होतं ते असं. पेटी इथून रिकामी जाते, पण रिकामी म्हणजे तशीच नाही. बर्फाच्या पिशव्या भरून, लॉगर चालू करून न्यायची, म्हणजे पेटी थंडी धरते की नाही ते तिकडे पोचेपर्यंत कळतं. आता थंडगार पेटी पायाशी आहे, आत काहीच नाही, आणि साडेचार तास बसायचंय. नेआण करणाऱ्यांपैकी एकही माई का लाल असा नव्हता ज्याने त्या पेटीत कधी स्वतःचं काही ठेवलं नव्हतं. कुणी सरबत ठेवी, कुणी फळं. भिंगरी चॉकलेट ठेवायची. परवा जाताना तिने झाकण उघडलं, चॉकलेट काढलं, खाल्लं आणि झाकण नीट न लावता तिला डुलकी लागली. जाग आली तेव्हा पेटी उघडीच होती.

"तिकडच्या प्रयोगशाळेने तो लॉगर बघितला नाही?"

"बघून काय करतात? पेटी पोचली तेव्हा थंड होती, झालं. तो बंद करतात आणि पेटीच्या बाहेरच्या कप्प्यात टाकतात. तो तसाच माझ्याबरोबर परत येतो. बाटलीला नवा लॉगर लावतात."

"म्हणजे काल पेटीबरोबर दोन लॉगर आले."

"हो. पावतीवरही दोन लिहिलेत."

"दिसायला?"

"जुळे भाऊ. नंबर असतात, पण प्रयोगशाळावाले दोन्ही नंबर एकाखाली एक लिहून मोकळे होतात. कुठला जातानाचा, कुठला येतानाचा, कुणी कधी विचारलंच नाही."

आत्याने वहीत दोन चौकोन काढले. भिंगरीला रडू येत होतं आणि स्वतःचा रागही येत होता. एका चॉकलेटपायी हे सगळं. तिला वाटलं आत्या म्हणेल, सुटलीस. आत्या तसं म्हणाली नाही.

"आत जाऊन हे सांगितलंस तर काय होईल, कळतंय ना? हिने पेटी उघडली होती हे हिनेच कबूल केलं, एवढंच त्या कोष्टकाला ऐकू जाईल. जाताना की येताना, हे नुसत्या तोंडाने कोण मानणार? आगीतून फुफाट्यात जाशील." तिने काठीचा आधार घेतला. "तू परवाच्या विमानात झोपलीस. एरवी काय करतेस?"

"सिनेमा बघते. जाताना एक पुरतो. येताना दुसराही अर्धा होतो."

आत्याने तिच्याकडे टक लावून पाहिलं. मग हसली. त्या दिवसात पहिल्यांदाच कुणी हसलं होतं.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," ती म्हणाली. "चल, आधी ड्रायव्हर."

४

ड्रायव्हरकाका हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला गाडीला टेकून उभे होते. त्यांनी काल विमानतळावरून पेटी घेतली ती सव्वाएकला, आणि हॉस्पिटलात पोचवली दोन पस्तीसला. रस्ता पाऊण तासाचा.

"पस्तीस मिनिटं कुठे गेली?" आत्याने विचारलं.

"ट्रॅफिक."

"काल दुपारी?"

काकांनी नखं पाहिली. "माझ्या आईला दवाखान्यातून घरी सोडलं. वाटेतच होतं बाई. तिला उभं राहवत नाही. मॅनेजरसाहेबांना सांगू नका, पाया पडतो."

"पेटी कुठे होती?"

"आईच्या मांडीवर. सील लावलेली. ती म्हणाली, काय गार आहे रे हे, छान वाटतंय." काकांचे डोळे भरले. "पण त्यामुळे तर काही झालं नाही ना हो त्या पोरीचं?"

आत्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि नाही म्हणाली. नंतर जिन्यावर तिने भिंगरीला समजावलं. झाकण बोटभर उचलून गारवा घालवता येईल, पण आत बाटलीला चिकटवलेला लॉगर काढून दुसरा चिकटवायला अख्खा हात आत जायला हवा. त्याला सील कापावंच लागतं.

"म्हणजे तुला वाटतं, कुणी बदलला?"

"मला अजून काही वाटत नाही. मला मोजायचंय."

तळमजल्यावर औषधांचं स्टोअर होतं. लांबट, थंड खोली, लोखंडी कपाटं, एका भिंतीला फ्रिज. तिथले प्रमुख म्हणजे नाना. अठ्ठावीस वर्षं तिथे होते, तीन महिन्यांनी निवृत्त व्हायचे होते. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, टेबलावर धूळ म्हणून नाही. भिंगरीला ते नेहमी पाणी विचारत. आजही विचारलं, पण तिच्याकडे न बघता.

"माझं काम सरळ आहे," नाना म्हणाले. "पेटी आली, सील शाबूत होतं, तसं मी लिहिलं. सील कापलं, लॉगर बंद केला, बाटली फ्रिजमध्ये ठेवली. दोन पस्तीस ते दोन चाळीस. पावतीवर सही आहे. सकाळी सिस्टर आल्या, त्यांना बाटली आणि लॉगर दिला."

"दुसरा लॉगर?"

"कुठला दुसरा?"

"पावतीवर दोन लिहिलेत."

"हां, तो. जातानाचा होता, कामाचा नव्हता. टाकला."

"कुठे टाकला?"

"कचऱ्यात. रोजचा कचरा रोज जातो बाई."

आत्या फ्रिजकडे बघत होती. त्याच्या काचेच्या दाराला वरून खालपर्यंत रुंद चिकटपट्टी मारलेली होती, आणि आतला दिवा लागलेला असूनही सगळे कप्पे मोकळे होते. "रिकामा दिसतोय."

"साफ करायला काढलाय," नाना म्हणाले.

बाहेर सिस्टर भेटल्या, वॉर्डातल्या. त्यांनी सांगितलं, सकाळी पावणेसातला नानांनी स्वतः वर येऊन बाटली हातात दिली. एरवी निरोप पाठवतात आणि खाली यायला लावतात. आज म्हणाले, आधी ग्राफ बघा, मगच पुढचं.

"त्यांनीच सांगितलं, ग्राफ बघा म्हणून?" आत्याने विचारलं.

"दोनदा सांगितलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा."

आत्याने वहीत काहीतरी लिहिलं. भिंगरीला ते विचित्र वाटलं. ज्याच्या मनात पाप आहे तो माणूस पुरावा स्वतःच्या हाताने वर आणून का देईल?

५

साडेबारा वाजले. आत्या फोनवर होती, विमानतळावरच्या कुणा जुन्या शिष्याशी, आणि त्याला असं फैलावर घेत होती की तो बिचारा पलीकडे उभा राहिला असणार.

भिंगरी तिसऱ्या मजल्यावर गेली. जायला नको होतं, पण पाय गेले. कोपऱ्यातल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. मुलगी झोपली होती, डोक्याला टोपी, पांघरुणाबाहेर एक पाऊल. बाहेर बाकावर तिची आई बसली होती. तिने भिंगरीच्या गळ्यातलं कंपनीचं कार्ड पाहिलं.

"तुम्हीच आणलंत ना ते औषध?"

"हो."

"मग उघडलंत कशाला?"

ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त विचारत होती, जणू उत्तर मिळालं तर तेवढंच तिला पुरणार होतं. भिंगरीने गळ्यातलं कार्ड मुठीत धरलं आणि मागे वळली. ती जिना उतरली तेव्हा तिच्या डोक्यात एकच होतं, कोष्टकसाहेबांचा कागद. सही केली की पाचच्या विमानाने माणूस निघेल. खरं-खोटं गेलं खड्ड्यात.

खाली आत्या डॉक्टरीणबाईंशी हळू आवाजात बोलत होती. पाच मिनिटं बोलली. डॉक्टरीणबाईंनी एकदा मान हलवली, एकदा कपाळाला हात लावला आणि मग म्हणाल्या, "ठीक आहे. बोलवा सगळ्यांना."

"आत्या, मी सही करते," भिंगरी म्हणाली. "मला नाही बघवत."

"कर. पण दहा मिनिटांनी." आत्याने तिचा हात घट्ट धरला. म्हातारीचा हात थंड पडला होता. तीही घाबरली होती हे भिंगरीला तेव्हा कळलं.

६

मीटिंगच्या खोलीत सहाजण होते. कोष्टकसाहेब तक्त्यावर हात ठेवून बसले होते. नाना दाराजवळच्या खुर्चीत होते, सिस्टर त्यांच्या मागे. डॉक्टरीणबाई उभ्याच राहिल्या. भिंगरी भिंतीला टेकली. आत्या मध्ये, वही उघडून.

"साहेब, हा तक्ता कधी बनवलात?"

"कंपनी सुरू झाली तेव्हा. बारा वर्षं झाली."

"कुठल्या तिकिटावरून?"

"पहिल्या. इथून तिकडे जाण्याच्या."

"आणि तिकडून इथे?"

कोष्टकसाहेब गोंधळले. "अंतर तेच आहे ना. जाताना चार हजार किलोमीटर, येताना काय तीन हजार होतं?"

"येतानाच्या तिकिटावरची वेळ कधी पाहिलीत?"

"त्यात पडायचंच नाही, असा आमच्याकडे नियम आहे," ते म्हणाले. "तिकिटावर लिहितात नऊला उडतं, बारा चाळीसला उतरतं. सुरुवातीला एका पोराने वजाबाकी केली, तीन तास चाळीस मिनिटं, आणि सगळी गाड्यांची आखणी गडबडली. दोन शहरांची घड्याळं वेगळी, हे त्याच्या लक्षातच आलं नाही. तेव्हापासून वजाबाकी बंद. तक्ता बघायचा."

"म्हणजे एका पोराला वजाबाकी येत नव्हती, म्हणून अख्ख्या कंपनीने सोडून दिली." आत्याने पेन्सिल उचलली. "आपण करू. तिकडचं घड्याळ दोन तास पुढे. काल विमान तिकडच्या नऊला उडालं, म्हणजे इथे सात वाजले होते. चाकं इथल्या धावपट्टीला लागली बारा चाळीसला. हे तिकिटावरून सांगत नाही, आत्ता विमानतळावरून विचारून घेतलंय. सात ते बारा चाळीस. किती झाले?"

भिंगरीने बोटांवर मोजलं. "पाच तास चाळीस मिनिटं."

"या महिन्यात तिथे वर पश्चिमेकडून वारा वाहतो, ताशी शंभराच्या वर. जाताना तो पाठीवर घेतो, येताना छातीवर. अंतर तेच राहतं, वेळ राहत नाही. परवा जाताना हिचं विमान हवेत होतं चार तास पंचवीस मिनिटं. काल येताना पाच तास चाळीस." तिने पेन्सिलीने पडद्यावरच्या ग्राफला टोचलं. "आणि इथे दाब किती वेळ खाली आहे? साहेब, तुम्हीच म्हणालात, चार तास पंचवीस. तुमच्या तक्त्याशी जुळतंय म्हणून तुम्ही खूश झालात. जुळतंय तिथेच तर घोळ आहे. तुमचा तक्ता जातानाचा, आणि हा ग्राफही जातानाचा. जमिनीवर कुणी बटण उशिरा दाबू शकतं, लवकर दाबू शकतं. हवेतला सव्वा तास कुणाला खाता येत नाही."

"मग ते अठरा अंश?" कोष्टकसाहेबांचा आवाज बसला होता.

"ते माझं चॉकलेट होतं साहेब," भिंगरी म्हणाली. "परवा. रिकाम्या पेटीत. त्याची काय शिक्षा असेल ती द्या."

सिस्टरच्या तोंडून हुंकार निघाला. आत्या पुढे सरकली.

"म्हणजे कुणीतरी लॉगर बदलला. विमानात नाही, गाडीत नाही, कारण तेव्हा सील होतं आणि ते शाबूत आलं. ते नानांनीच लिहून दिलंय. पण कुणी बदलला ते राहू दे. आपल्याला काय करायचंय?" तिने वही मिटली. "महत्त्वाचं हे, की येताना पेटी उघडलीच नाही. सील शाबूत. आल्या आल्या बाटली फ्रिजमध्ये गेली, ही नानांची सही. नानांच्या सहीवर अठ्ठावीस वर्षांत कुणी शंका घेतलेली नाही. म्हणजे डोस चांगला आहे. सुंठीवाचून खोकला गेला. डॉक्टर, ती बाटली ठेवलीत ना जपून?"

"वर माझ्या फ्रिजमध्ये आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सिस्टर, चला. इंजेक्शनची तयारी करा. उद्याची वाट कशाला बघायची, आत्ताच देऊ."

सिस्टर दाराकडे वळल्या. नाना खुर्चीत होते, त्यांचे हात मांडीवर. डॉक्टरीणबाई दोन पावलं चालल्या. आणखी एक. दाराच्या मुठीवर त्यांचा हात पडला.

"नका देऊ," नाना म्हणाले.

डॉक्टरीणबाई थांबल्या, पण वळल्या नाहीत.

"ती देऊ नका. ती गेलेली आहे." नानांनी खिशातून बोटाएवढा लॉगर काढला आणि टेबलावर ठेवला. "हा येतानाचा. लावून बघा, दोन पस्तीसपर्यंत रेघ चारच्या वर गेलेली नाही. मुलीने नीट आणली होती. फ्रिजचं दार लागत नाही, दोन महिने झाले. लिहून दिलं असतं तर चौकशी झाली असती, आधी का कळवलं नाही म्हणून. म्हटलं, तीनच महिने राहिलेत. चिकटपट्टी लावून चालवत होतो. काल संध्याकाळी मी दार लावूनच गेलो. सकाळी सहाला आलो तर ते उघडं. आतला काटा सतरावर. बाकीचं सगळं काढून टाकलं. ती बाटली हातात घेऊन बसलो."

डॉक्टरीणबाई आता वळल्या.

"गप्प बसलो असतो तर कुणालाही कळलं नसतं," नाना म्हणाले. "लॉगर बंद झाला होता दोन पस्तीसला, ग्राफ सरळ आला असता. तुम्ही ते पाणी पोरीला टोचलं असतं आणि औषध लागू पडलं नाही म्हणाला असता. ते माझ्याने झालं नाही. मग कप्प्यातला जुना लॉगर लावून बघितला, काही निघतं का म्हणून. त्यात ते अठरा अंश. मला वाटलं, बाटलीही बाद होईल आणि माझं नावही येणार नाही." त्यांनी पहिल्यांदा भिंगरीकडे पाहिलं. "तुझं येईल, हे मला कळत होतं. कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही."

भिंगरीला त्यांचा प्रचंड राग आला, आणि त्याच वेळी तो म्हातारा सकाळी सहाला थंड खोलीत हातात बाटली धरून बसलेलाही तिला दिसला. त्या दोन्हीचं काय करायचं ते तिला समजेना.

आत्याने घड्याळ बघितलं. "एक वीस. डॉक्टर, कळवा त्यांना. हात नाही म्हणावं, फ्रिज. नानांनी लिहून द्यावं आणि खाली सही करावी."

नानांनी खिशातलं पेन काढलं. लिहिताना त्यांचं अक्षर जराही हललं नाही, अठ्ठावीस वर्षांची सवय होती.

७

दोनला प्रयोगशाळेने होकार कळवला. पेटी नेणार कोण, हे कोष्टकसाहेबांनी विचारलंही नाही. त्यांनी तिकीट भिंगरीच्या हातात दिलं आणि नाकासमोर बघत म्हणाले, "चॉकलेटचं आल्यावर बघू."

निघण्याआधी ती तिसऱ्या मजल्यावर गेली. आई त्याच बाकावर होती. तिला सगळं कळलं होतं, पण ती माफी मागायला लागली तशी भिंगरीने तिचे हात धरून तिला थांबवलं.

"किती वेळ लागतो हो?" आईने विचारलं.

"जायला साडेचार तास. यायला पावणेसहा."

"यायला जास्त का?"

"वारा समोरून असतो."

आईने मान डोलावली. खोलीत मुलगी जागी झाली होती आणि पाणी मागत होती.

आत्या खाली पायरीवर बसली होती, वही मांडीवर. तिने उद्याच्या वाऱ्याचा हिशोब मांडून ठेवला होता. "उद्या वारा थोडा जास्त आहे. बारा अठ्ठेचाळीसला टेकशील. एक मिनिट इकडेतिकडे." मग तिने पदराआडून एक कागदी पुडकं काढलं. त्यात चॉकलेट होतं. "हे पिशवीत ठेव. वितळलं तर वितळलेलं खा."

दुसऱ्या दिवशी दुपारी चाकं धावपट्टीला लागली तेव्हा भिंगरीने घड्याळ पाहिलं. बारा अठ्ठेचाळीस. पेटी तिने दोन्ही पायांत धरून आणली होती, दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या, आणि सिनेमा एकही पाहिला नव्हता. ड्रायव्हरकाका विमानतळाच्या दारातच उभे होते. पाऊण तासाचा रस्ता त्यांनी छत्तीस मिनिटांत तोडला. पेटी स्टोअरमध्ये गेलीच नाही, सरळ तिसऱ्या मजल्यावर गेली. सील कापलं सिस्टरनी, लॉगर बंद केला डॉक्टरीणबाईंनी, आणि कॉम्प्युटरच्या पडद्याकडे सगळ्यांच्या आधी आईने पाहिलं, जरी तिला त्यातलं काही कळत नव्हतं.

"ही रेघ कुठली?" तिने विचारलं.

"थंडीची," भिंगरी म्हणाली. "बघा, चारवर आहे. सगळा वेळ."

"आणि ही खाली गेलेली?"

"ते विमान वर होतं तेव्हाचं."

आईने पडद्यावर बोट ठेवलं, दाबाची रेघ जिथे उतरली होती तिथे, आणि ती पुन्हा वर चढेपर्यंत सावकाश बोट फिरवत नेलं. मग ती खोलीत गेली आणि मुलीची बाही वर करून बसली.